फेडरवरचा हात

रेडिओवर थेट प्रसारण चालू असताना ड्यूटी रूममध्ये बसलेल्या माणसाला आवाजाची भीती वाटत नाही, आवाज थांबण्याची वाटते. मीटरची सुई खाली पडली की पोटात गोळा येतो. पाच-सात सेकंद शांतता गेली तर घरातला श्रोता सेट बिघडला असं समजून बटण फिरवतो आणि दुसरीकडे निघून जातो. म्हणून प्रत्येक थेट कार्यक्रमाच्या वेळी स्टुडिओत एक फिलर तयार ठेवलेला असतो. सतार, बासरी किंवा सरोदची दहा-पंधरा मिनिटांची ध्वनिफीत, लावली की वाजायला लागेल अशी. मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर बरीच वर्षं ड्यूटी ऑफिसर होते. टेलिफोनची लाईन तुटणं, वीज जाणं, मांडवावर पाऊस कोसळणं, या सगळ्यांसाठी फिलर असतो. पण लाईन ठणठणीत आहे, मायक्रोफोन चालू आहेत, वादक वाजवताहेत, आणि सभागृहातलाच कुणी उठून ओरडायला लागला, तर काय करायचं हे कुठल्याही क्यू शीटवर लिहिलेलं नसतं. तिथे ज्याचा हात फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर, आहे त्यानंच ठरवायचं असतं, आणि तेही क्षणार्धात.

१ सप्टेंबर २०११ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, लंडनमध्ये ही वेळ बीबीसीच्या रेडिओ थ्रीवर आली. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्सची मैफल होती. वादक इस्रायल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे, संचालन झुबिन मेहतांचं. मेहता मुंबईचे. १९३६ साली तिथल्या पारशी घरात जन्मलेले आणि बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या मेहली मेहतांचे चिरंजीव. त्याच १९३६ साली ब्रोनिस्लाव हुबरमन या पोलिश व्हायोलिनवादकानं तेल अवीवमध्ये हा ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. कार्यक्रमात वेबर्न, ब्रुख, आल्बेनिझ आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या रचना होत्या, आणि ब्रुखच्या व्हायोलिन कन्चेर्टोसाठी गिल शाहम वाजवणार होते.

प्रॉम्स हा प्रकार आपल्याकडच्या वाचकाला थोडा सांगायला हवा. १८९५ साली लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये हेन्री वुड यांच्या संचालनाखाली या मैफली सुरू झाल्या. तिकीट स्वस्त, ऐकणारे उभे राहून ऐकणार. १९२७ पासून बीबीसीनं त्यांची जबाबदारी घेतली. १९४१ च्या बाँबहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून गेला आणि मैफली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आल्या. तिथे पाच हजारांवर माणसं मावतात. मधल्या मोकळ्या जागेत आजही लोक उभे राहून ऐकतात, आणि प्रत्येक मैफल रेडिओ थ्रीवर थेट जाते. म्हणजे ही श्रीमंतांची बंद दाराआडची बैठक नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि ज्याला यायला जमत नाही त्याच्यासाठी रेडिओ आहे.

त्या दिवसाच्या आधीच वातावरण तापलं होतं. पॅलेस्टाइनच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं असं, की हा ऑर्केस्ट्रा इस्रायलच्या सरकारचा सांस्कृतिक चेहरा आहे, तो सैनिकांसाठी वाजवतो, आणि म्हणून बीबीसीनं त्याला बोलावू नये. काही संगीतकारांनी तसं पत्र वर्तमानपत्रात छापलं. त्यावर लंडन फिलहार्मोनिक या दुसऱ्याच ऑर्केस्ट्राच्या चार वादकांनी आपल्या संस्थेचं नाव लावून सही केली होती, आणि पुढे त्यांना निलंबित व्हावं लागलं. मैफल रद्द झाली नाही. हॉलबाहेर निदर्शनं झाली, आणि काही निदर्शक रीतसर तिकीट काढून आत जाऊन बसले.

मैफलीची पहिली रचना होती वेबर्नचा पासाकाल्या. १९०८ मधली, वेबर्ननं ऐन पंचविशीत लिहिलेली. ती सुरू होते फक्त आठ स्वरांनी. तंतुवाद्यं गजानं न वाजवता बोटांनी छेडायची, तीही अगदी हळू, आणि प्रत्येक स्वरानंतर विराम. स्वर, शांतता, स्वर, शांतता. पाच हजार माणसांच्या सभागृहात ही रचना सुरू व्हायची तर सगळ्यांनी श्वास रोखून धरावा लागतो. याच रचनेच्या वेळी प्रेक्षकांतले काही जण उभे राहिले आणि बेथोवनच्या नवव्या सिंफनीतल्या प्रसिद्ध चालीवर पॅलेस्टाइनच्या मुक्तीचे शब्द गाऊ लागले. बाकीचे श्रोते त्यांच्यावर ओरडू लागले, ‘बाहेर, बाहेर’. सुरक्षारक्षकांनी गाणाऱ्यांना बाहेर नेलं. ब्रुख सुरू झाल्यावर दुसऱ्या कोपऱ्यातून घोषणा. त्यांना नेलं की तिसऱ्या कोपऱ्यातून. सगळे एकदम उठले नव्हते, गटागटानं उठत होते. रात्र संपेपर्यंत सुमारे तीस जणांना हॉलबाहेर काढावं लागलं. अटक कुणालाच झाली नाही. मेहता थांबले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले, आणि मैफल पूर्ण करूनच मंचावरून उतरले.

घरी रेडिओ लावून बसलेल्या श्रोत्याला मात्र ती पूर्ण मैफल मिळाली नाही. रेडिओ थ्रीनं प्रसारण तोडलं. काही वेळानं पुन्हा जोडलं, आणि गलका सुरू झाल्यावर पुन्हा तोडलं. प्रॉम्सच्या इतिहासात श्रोत्यांच्या गोंधळापायी थेट प्रसारण बंद करण्याची ही पहिलीच वेळ, असं तेव्हा सांगितलं गेलं. बीबीसीनं दिलेलं कारण असं होतं, की सभागृहातल्या सततच्या व्यत्ययामुळे संगीत ऐकणं अशक्य झालं होतं, आणि त्याबद्दल खेद वाटतो.

हे कारण तांत्रिक दृष्टीनं खोटं नाही, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या मैफलीत गायकाच्या तोंडापुढे मायक्रोफोन असतो, तबल्याला एक, पेटीला एक. मांडवात कुणी बोललं तरी गायकाचा आवाज जवळून उचलला जातो आणि बाकीचं मागे राहतं. गरज पडली तर श्रोत्यांकडे वळवलेला माईक आम्ही खाली घेत असू. ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण असं होत नाही. तिथे मुख्य मायक्रोफोन संचालकाच्या डोक्यावर, बरेच उंच टांगलेले असतात. सत्तर-ऐंशी वाद्यांचा एकत्र झालेला नाद आणि त्यात मिसळलेला सभागृहाचा घुमारा त्यांनी पकडायचा असतो. वेबर्नचे ते छेडलेले स्वर पकडण्याइतके ते संवेदनशील असतात, म्हणून वीस-तीस मीटरवरची आरोळीही तितक्याच स्पष्टपणे उचलतात. ती वेगळी काढता येत नाही. संगीत हवं असेल तर गलका घ्यावा लागतो, आणि गलका नको असेल तर संगीतही सोडावं लागतं.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ज्याला निषेध करायचा आहे त्याला पाश्चात्त्य शास्त्रीय मैफलीसारखी सोयीची जागा दुसरी नाही. तिथे रचनेच्या दोन भागांमध्येही टाळी वाजवत नाहीत, खोकला आला तर लोक रुमाल तोंडात धरतात. इतक्या शांततेत एकच माणूस उभा राहून बोलला तरी पुरतो. आपल्याकडे समेवर ‘वा’ म्हणायचं असतं, हात उंचावायचा असतो, मागच्या रांगेतून एखादी फर्माईशही येते. आमच्या श्रोत्यांचा आवाज हा कार्यक्रमाचाच भाग असतो. एका संगीत सभेच्या प्रसारणात एक आजोबा श्रोत्यांच्या माईकपाशी बसून प्रत्येक चांगल्या जागेला इतकी भरभरून दाद देत होते, की पुढच्या आठवड्यात आलेल्या पत्रांमध्ये गायकाइतकीच त्यांची चौकशी होती. तिथे व्यत्यय आणायचा तर बराच आरडाओरडा करावा लागेल.

तरीही मला बीबीसीचा तो निर्णय पटला नाही, आणि आजही पटत नाही. निदर्शक बरोबर होते की चूक, हा माझा मुद्दा नाही. पॅलेस्टाइनचं दुःख खरं आहे, आणि तिकीट काढून वेबर्न ऐकायला आलेल्या माणसाचा हक्कही खरा आहे. संगीत मोडलेलं मला सहन होत नाही, कुणीही मोडलं तरी. पण मी नोकरीभर घरातल्या श्रोत्यासाठी काम केलं. त्याला तिकीट काढता येत नाही, लंडनला किंवा पुण्याला जाता येत नाही. थेट प्रसारण करताना आपण त्याला सांगतो, की आत्ता, या क्षणी, तिथे जे घडतंय ते तुमच्यापर्यंत आणतो आहोत. मग तिथे सगळ्यात अनपेक्षित गोष्ट घडली की नेमका त्याच वेळी त्याचा दरवाजा लावायचा? सभागृहातल्या पाच हजार जणांना काय घडलं ते कळलं, त्यांनी ते पाहिलं, त्यावर ओरडून घेतलं. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ लगेच सगळीकडे पोचले. कळलं नाही ते फक्त रेडिओवर विश्वास ठेवून बसलेल्या श्रोत्याला.

आणि हे बीबीसीला अगदी नवीन होतं असंही नाही. २९ मार्च २०१० च्या सोमवारी लंडनच्याच विगमोर हॉलमध्ये जेरुसलेम क्वार्टेट या इस्रायली चौकडीची दुपारची मैफल रेडिओ थ्रीवर थेट चालू असताना असाच प्रकार झाला होता. एकेक निदर्शक उठून गाऊ, बोलू लागला, आणि प्रसारण तोडलं गेलं. दीड वर्षानं तसंच घडलं, तेव्हाही उत्तर तेच होतं.

त्याच बीबीसीनं, त्याच अल्बर्ट हॉलमधून, त्याआधी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी वेगळं करून दाखवलं होतं, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. तारीख २१ ऑगस्ट १९६८. आदल्या रात्री सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले होते, सकाळपर्यंत प्राग त्यांच्या ताब्यात. आणि त्याच संध्याकाळी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये यूएसएसआर स्टेट सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवणार होता. संचालक येव्हगेनी स्वेत्लानोव्ह, चेलोवर म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच. कार्यक्रम कितीतरी आधी ठरलेला होता, आणि त्यातली एक रचना नेमकी चेक संगीतकाराची होती: द्व्होरझाकचा चेलो कन्चेर्टो. द्व्होरझाकनं तो न्यूयॉर्कमध्ये, मायदेशाची ओढ लागलेली असताना १८९४-९५ मध्ये लिहिला. त्याची मेव्हणी योसेफिना आजारी होती. तिला आवडणाऱ्या आपल्याच एका गाण्याची चाल त्यानं या रचनेत आणली, आणि ती वारल्यावर शेवटच्या भागात तिची आठवण पुन्हा गुंफली. रचना पहिल्यांदा वाजली तीही लंडनमध्येच, १८९६ साली.

सोव्हिएत वादक मंचावर आले तेव्हा हॉलमध्ये आरोळ्या सुरू झाल्या. निषेधाच्या, संतापाच्या, आणि त्यांना गप्प करू पाहणाऱ्यांच्याही. प्रसारण थेट चालू होतं. ते तोडलं गेलं नाही. रोस्त्रोपोविच वाजवू लागले. प्राग त्यांना परकं नव्हतं. पत्नी, गायिका गालिना विश्नेव्स्काया, त्यांना भेटली तीही प्रागमध्येच. वाजवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं असं त्या दिवशी तिथे असलेल्यांनी सांगितलं आहे. रचना संपल्यावर त्यांनी द्व्होरझाकची स्वरलिपी उचलून श्रोत्यांसमोर धरली. पुढे याच रोस्त्रोपोविचनी लेखक सोल्झेनित्सिनना आपल्या घरी आसरा दिला, १९७४ मध्ये देश सोडला, आणि १९७८ मध्ये सोव्हिएत सरकारनं त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं.

त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं, सुरुवातीच्या गलक्यासकट. मी ते ऐकलं आहे, पुन्हा पुन्हा ऐकते. आरोळ्या आधी ऐकल्या की चेलोचा पहिला प्रवेश वेगळा लागतो. नुसत्या स्वच्छ ध्वनिमुद्रणात तो तसा लागत नाही, कारण तिथे रोस्त्रोपोविच कुणाला उत्तर देताहेत हे कळायला मार्ग नसतो. त्या संध्याकाळी कुणी फेडर खाली घेतला असता, तर आपल्याकडे फक्त एक आख्यायिका उरली असती.

असंच दुसरं ध्वनिमुद्रण ॲमस्टरडॅमचं आहे, ५ ऑक्टोबर १९३९ चं. युद्धाला महिना झाला होता, हॉलंड अजून तटस्थ होतं. कॉन्सर्टखेबाऊ सभागृहात जर्मन संचालक कार्ल शुरिख्ट माहलरची ‘दास लीड फॉन डेअर एर्डे’ सादर करत होते. माहलर जन्मानं ज्यू, म्हणून शुरिख्टच्या स्वतःच्या देशात त्याचं संगीत वर्ज्य. शेवटचा भाग निरोपाचा, अत्यंत संथ आणि हळुवार. तिथे श्रोत्यांतून एक बाई पुढे आली आणि शुरिख्टना उद्देशून, त्यांचं नाव घेऊन, जर्मन राष्ट्रगीताचे शब्द बोलली. किंचाळली नाही, बोलली. रेडिओच्या मायक्रोफोननं ते टिपलं. वाद्यवृंद थांबला नाही. सात महिन्यांनी जर्मन सैन्य हॉलंडमध्ये शिरलं. त्या काळाबद्दलची पुस्तकं वाचून मला जितकं समजलं, त्यापेक्षा त्या बाईच्या आवाजानं जास्त सांगितलं.

आमच्या केंद्रावरही एकदा असा क्षण आला होता. राजकारणाचा नव्हे, खुर्च्यांचा. मोठ्या मांडवातून संगीत सभेचं थेट प्रसारण होतं आणि मी ओ.बी., म्हणजे बाहेरून प्रसारण करणाऱ्या पथकाबरोबर होते. विलंबित ख्याल नुकता रंगात येत होता. उशिरा आलेल्यांची राखीव खुर्च्यांवरून बाचाबाची सुरू झाली, आवाज चढले, धक्काबुक्की होईल असं वाटू लागलं. गाणाऱ्या बुवांनी गाणं थांबवलं. तानपुरे चालू होते. ‘आधी बसून घ्या सगळे, मग गाऊ,’ असं ते म्हणाले, आणि तेही सगळीकडे गेलं. माझ्या शेजारच्या इंजिनीअरनं फेडरवर हात ठेवून विचारलं, ‘मॅडम, तोडू का?’ केंद्रातून फोन आला. ड्यूटी रूममध्ये आमचे एक ज्येष्ठ अधिकारी बसले होते. म्हणाले, ‘तोडू नका. निवेदकाला बोलू द्या.’ निवेदकानं अतिशय साध्या शब्दांत सांगितलं, की मांडवात जागेवरून थोडी गडबड झाली आहे, बुवा थांबले आहेत, तानपुरे चालू आहेत, आपण इथेच आहोत. तीन-चार मिनिटं तेवढंच गेलं: तानपुरे, गलका, अधूनमधून निवेदक. मग बुवांनी पुन्हा षड्ज लावला. एकाही श्रोत्याची तक्रार आली नाही.

भांडण खुर्च्यांचं आणि भांडण देशांचं, यांत फार अंतर आहे हे मला कळतं. निदर्शकांना माहीत असतं की मायक्रोफोन चालू आहेत, त्यांना रेडिओवरच पोचायचं असतं. त्यांना पोचू दिलं, तर पुढच्या मैफलीत दुसरे येतील, ही भीती खोटी नाही. सगळ्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेनं आपलं व्यासपीठ कुणा एका बाजूला का द्यावं, हाही प्रश्न येतो. पण तोडल्यानं ते थांबले का? विगमोर हॉलमध्ये तोडलं, तरी दीड वर्षानं अल्बर्ट हॉलमध्ये तीस जण उठले. उलट बीबीसीचं प्रसारण बंद पडलं, हीच दुसऱ्या दिवशीची बातमी झाली.

मेहतांच्या बाबतीत तर असं वाटतं, की त्यांना श्रोत्यांच्या संतापाची सवय होती. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये तेल अवीवला त्यांनी मैफल संपल्यावर वाग्नरच्या ‘ट्रिस्टन’मधला तुकडा वाजवायचं ठरवलं. वाग्नर हिटलरचा लाडका, म्हणून हा ऑर्केस्ट्रा १९३८ पासून त्याचं संगीत वाजवत नव्हता. ज्यांना नको त्यांनी जावं, असं मेहतांनी आधी सांगितलं. काही गेले. काही थांबून ओरडले. एक जण शर्ट उघडून अंगावरचे व्रण दाखवत मंचापर्यंत आला. मेहतांनी तेव्हाही वाजवलं. लंडनमध्ये पॅलेस्टाइनसाठी ओरडणारे आणि तेल अवीवमध्ये छळछावण्यांच्या आठवणीनं ओरडणारे, दोघांनाही सामोरा गेलेला हा आपल्या मुंबईचा माणूस.

आणि याच मेहतांची एक मैफल अशी झाली, की तिच्यात कुणी एक शब्दही मध्ये बोललं नाही. ७ सप्टेंबर २०१३, श्रीनगरची शालिमार बाग. बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा, बेथोवन, हायडन, चायकोव्स्की, सोबत संतूरवादक अभय सोपोरी आणि काश्मिरी वादक. जर्मन दूतावासानं ठरवलेली मैफल, दूरदर्शनवर थेट, परदेशातही थेट. मी घरी बसून पाहिली. चिनार, कारंजी, मावळतीचा उजेड, आणि वाजवणं फार सुंदर. आवाजही स्वच्छ, कुठेही खरखर नाही. श्रोते सगळे निमंत्रित होते. बाहेर शहरात बंद पाळला जात होता, चौकाचौकांत पोलीस होते. त्याच दिवशी श्रीनगरमध्येच काश्मिरी नागरिकांनी ‘हकीकत-ए-कश्मीर’ नावाचा वेगळा कार्यक्रम केला. आणि त्याच दिवशी शोपियानमध्ये सीआरपीएफच्या गोळीबारात माणसं मारली गेली. यातलं काहीही त्या प्रसारणात नव्हतं. येऊही शकत नव्हतं, कारण ओरडू शकेल असा माणूस बागेत पोचणारच नाही याची काळजी आधी घेतलेली होती. मेहतांना स्वतःलाही ते जाणवलं असावं. पुढच्या वेळी हे सगळ्यांसाठी, मोठ्या मैदानात करू, असं ते तिथेच बोलून गेले.

तांत्रिक निकषांवर मी त्या प्रसारणाला पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण १९६८ चं ते गलक्यानं भरलेलं ध्वनिमुद्रण मला त्या दिवसाबद्दल जेवढं सांगतं, त्याच्या शतांशही शालिमार बागेनं मला काश्मीरबद्दल सांगितलं नाही.

२०११ च्या त्या रात्री मी ड्यूटीवर असते, तर निवेदकाला तीन वाक्यं दिली असती: श्रोत्यांतले काही जण या ऑर्केस्ट्राच्या निषेधार्थ घोषणा देत आहेत, बाकीचे त्यांना विरोध करत आहेत, मेहता थांबले आहेत. कोण बरोबर, ते सांगितलं नसतं. माईक उघडा ठेवला असता. संगीत खरंच कानावर पडेनासं झालं, तर आवाज खाली घेतला असता, पण बंद केला नसता, आणि कारण सांगून घेतला असता. ब्रुखचा कन्चेर्टो पुढे एखाद्या दुपारी पुन्हा लावता आला असता, पूर्ण आणि नीट, ज्यांना तो हवा होता त्यांच्यासाठी. आणि त्या रात्रीची टेप काहीही न कापता संग्रहात गेली असती. वर तारीख, सभागृह, रचना, वादक, आणि शेऱ्याच्या रकान्यात कुठल्या मिनिटाला काय ओरडलं गेलं, ते सगळं.